रोलाय इन्फ्रारेड ४००: आर७२ लेन्सवर की फ्लॅशवर?

ही फिल्म लोक घेतात ती पांढरीशुभ्र झाडं आणि काळंभोर आकाश यासाठी. मीही त्यासाठीच घेतली. हिवाळ्यापासून वापरतोय, पण आता निम्म्याहून जास्त रोल फ्लॅशवरच संपतात.

आधी झाडांचं. होया आर७२ हा इन्फ्रारेड फिल्टर लेन्सवर चढवला की साधारण पाच स्टॉप जातात (दर स्टॉपला प्रकाश निम्मा), म्हणजे ४०० ची फिल्म १२ आयएसओची समजायची. मीटरचं ऐकू नका, त्याला इन्फ्रारेड धड कळत नाही. कडक उन्हात एफ/८ ला १/३०, शिवाय एक फ्रेम जास्त एक्स्पोजरची, एक कमी. ठाण्यातल्या उपवन तलावाच्या काठावरून येऊरची झाडी झकास उजळते, तलाव काळा पडतो. मात्र फिल्टरमधून डोळ्याला जवळपास काहीच दिसत नाही, म्हणून ट्रायपॉड हवाच. पावसाळी ढगात सगळंच मचूळ येतं.

खरी मजा फिल्टर लेन्सवरून काढून फ्लॅशवर लावण्यात आहे. फ्लॅशची झेनॉन ट्यूब इन्फ्रारेड भरपूर फेकते. फिल्टर बाकीचा प्रकाश अडवतो आणि समोरच्याला जेमतेम लालसर लकाकी दिसते. न्यूयॉर्कचा फोटोग्राफर विजी यानं १९४० च्या दशकात सिनेमागृहातल्या अंधारात बसलेले प्रेक्षक इन्फ्रारेड फ्लॅशनंच टिपले होते. माझ्या फ्लॅशचा गाइड नंबर (मीटरमधलं अंतर गुणिले एफ-आकडा) १०० आयएसओला ३६ आहे, तो या फिल्मवर फिल्टरसह जेमतेम १२ उरतो. म्हणजे तीन मीटरवर एफ/४, मॅन्युअल, फुल पॉवर. ७७ मिमीचा फिल्टर काळ्या फोमनं आणि टेपनं नीट बसवा. एका फटीतून पांढरा प्रकाश निसटला की संपलं. खोलीतले दिवेही घालवावे लागतात, कारण लेन्स आता उघडी असते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरच्यांना आधी सांगून, फक्त समईच्या उजेडात फोटो काढले. सगळ्या बायका काळ्या साड्यांत, आणि प्रिंटमध्ये एक साडी काळी, दुसरी राखाडी, तिसरी चक्क पांढरट! डोळ्यांना काळे दिसणारे कितीतरी रंग इन्फ्रारेड परतवतात. त्वचा संगमरवरी, ओठ फिके आणि कुंकू जवळजवळ गायब. मावशी भडकली, "मेल्या, जिवंत नवऱ्यासमोर माझं कपाळ पांढरं केलंस!" काका मात्र खूश. तो फोटो या फिल्मवरचा माझा सगळ्यात आवडता.

अंधारात डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि फ्लॅश कॅमेऱ्यावरच असला तर पांढऱ्या चमकतात, तेव्हा सिंक केबलनं तो बाजूला धरा. एफ/४ ला फोकस लेन्सवरच्या इन्फ्रारेडसाठीच्या लाल खुणेवर सरकवायला हवा. रोल भरणं-काढणं अंधारातच, कारण पारदर्शक बेसमधून उजेड आत झिरपतो.

आणि कोणी स्वस्तात रॅटन ८७सी हा दुसरा इन्फ्रारेड फिल्टर देऊ केला तर घेऊ नका. तो कोडॅकच्या एचआयईसारख्या, ९०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंत पाहणाऱ्या फिल्मसाठी ठीक होता. ती २००७ मध्येच बंद झाली. रोलायची नजर ८२० च्या आसपास संपते, आणि ८७सी तिथून पुढचाच प्रकाश नीट सोडतो.