देशांच्या माहितीचं ७९९चं ॲप: आठ महिन्यांनंतर

लेकीच्या क्विझच्या तयारीसाठी देशांची माहिती देणारं एक ॲप घेतलं होतं, वर्षाचे ७९९. नाव लिहीत नाही, रिफंडचं भांडण अजून चालू आहे. झेंडे, नकाशा, ऑफलाइन वगैरे सगळं झकास. सुरुवातीला मीच आमच्या ग्रुपवर चौघींना घ्यायला लावलं, हे आधीच कबूल करते.

मग स्पर्धेत कझाकस्तानची राजधानी विचारली. पोरीने ठणकावून सांगितलं नूर-सुलतान. चूक! अस्तानाचं नूर-सुलतान केलं २०१९ मध्ये, पण सप्टेंबर २०२२ मध्ये परत अस्ताना झालं, आमचं ॲप मधल्याच स्टेशनवर उतरून बसलेलं. लेक चिडली ती माझ्यावर, ॲपवर नाही.

त्याच रात्री बाकीचं तपासायला बसले. नाव बदललेले देश बरोबर, म्हणजे एस्वातिनी (आधीचं स्वाझीलँड) आणि नॉर्थ मॅसेडोनिया (आधीचं नुसतं मॅसेडोनिया), पण क्रोएशियाचं चलन अजून कुना, तिथे १ जानेवारी २०२३ पासून युरो चालतो. दक्षिण आफ्रिकेला तीन राजधान्या, इथे एकटं प्रिटोरिया, केपटाउन आणि ब्लुमफाँटेन गायब. म्हणजे कोणीतरी २०१९ ते २२ च्या मधे कधीतरी डेटा भरला आणि कुलूप लावून गावाला गेला.

चुका एकवेळ चालतील हो, पण माझं डोकं फिरलं ते एकाही आकड्यापुढे साल नाही म्हणून. लोकसंख्या इतकी कोटी. बरं, कधीची? पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर तारीख असते आणि ७९९ घेऊन तुम्हाला चार अंक टाकता येत नाहीत? कस्टमर केअरला तीनदा विचारलं, तिन्ही वेळा "आमची माहिती विश्वसनीय स्रोतांकडून घेतली जाते". कुठल्या ते सांगायला जीभ रेटत नाही.

शेवटी वर्ल्ड बँकेची डेटाची साइट उघडली. फुकट, आणि प्रत्येक आकड्याला साल! मी तर खूशच झाले. पण लेकीने तैवान शोधलं तर वेगळं सापडेना, ते तिथे स्वतंत्र देश म्हणून नसतंच. देश किती याचंही तसंच, युनोचे सदस्य १९३, निरीक्षक म्हणून व्हॅटिकन आणि पॅलेस्टाइन धरले तर १९५, ॲप नुसतं १९५ म्हणून मोकळं.

इथे मला ॲपबद्दल थोडं मवाळ व्हावं लागलं, कारण लोकसंख्येचे आकडे मोठ्या साइटवरही बरेचदा अंदाजच असतात. लेबनॉनमध्ये शेवटची अधिकृत जनगणना १९३२ ची आहे, खरंच! तिथे सत्तेचा वाटा धर्म-पंथांवर ठरतो, मग डोकी मोजून भांडण कोण ओढवून घेणार. आपलीसुद्धा २०२१ ची राहिलीच की. पण अंदाज आहे तर तसं लिहा ना, शेजारी साल टाका, मी परत तिथेच येतेय, माहितीये.

आता आमची पद्धत अशी की आकडा वर्ल्ड बँकेवर बघायचा, राजधानी आणि चलन विकिपीडियावर, पण तळटीपेवर क्लिक करून ती कुठल्या सालची ते बघूनच वहीत लिहायचं. मराठी पान मागे राहिलेलं वाटलं तर इंग्रजी उघडतो.

ऑटो-पे बंद केलाय. चार महिने उरलेत, भरलेत पैसे तर झेंडे तरी वसूल करतोय. गेल्या आठवड्यात मोठ्ठं अपडेट आलं, १४० एमबी. झेंड्यांचे स्टिकर आलेत. राजधानी अजून नूर-सुलतानच.