ह्यांचा अमायलॉइड पेट स्कॅन: तपासणी उत्तम, रिपोर्ट देण्याची पद्धत वाईट

ह्यांचं विसरणं वाढल्यावर न्यूरॉलॉजिस्टनी आधी रक्तातलं पी-टाऊ २१७ (अल्झायमरमध्ये वाढणारं टाऊ प्रथिनाचं एक रूप) तपासायला सांगितलं. निकाल धड होय नाही की नाही नाही, मधल्या पट्ट्यात आला. मूत्रपिंड कमजोर असेल तर हा आकडा वर जाऊ शकतो, आणि ह्यांचं क्रिएटिनिन वाढलेलंच असतं. म्हणून मेंदूत अमायलॉइड ह्या प्रथिनाचे साठे, म्हणजे प्लाक, आहेत का हे दाखवणाऱ्या पेट स्कॅनसाठी ह्या केंद्रात आलो.

वेळेच्या बाबतीत इथले लोक पक्के आहेत. आदल्या संध्याकाळी फोन, सकाळी निघायच्या आधी परत फोन. कारणही तसंच आहे. प्लाकला चिकटून ते स्कॅनमध्ये दाखवणाऱ्या फ्लोरबेटापिर ह्या औषधातल्या फ्लोरीन-१८ची किरणोत्सर्गी मात्रा ११० मिनिटांत निम्मी होते, त्यामुळे ते आणून ठेवून देता येत नाही. शिरेतून औषध दिल्यावर पाऊण तास शांत बसवलं. प्रत्यक्ष स्कॅन १० मिनिटांचा. ह्यांना बंद जागेची धास्ती वाटते हे कळल्यावर टेक्निशियनने आधी मशीन दोन्ही बाजूंनी उघडं असतं ते दाखवलं. डोक्याला पट्टा लावतानाही जे सांगायचं ते ह्यांनाच सांगितलं, माझ्याकडे बघून नाही. विसरायला लागलेल्या माणसाशी कुणी थेट बोलतच नाही, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की त्या मुलाचे मनापासून आभार.

रिपोर्टचं मात्र अजिबात पटलं नाही. काउंटरवर पाकीट हातात ठेवलं. निष्कर्षाची एकच ओळ: ‘मध्यम ते दाट अमायलॉइड प्लाक’. विचारायचं कुणाला, तर ‘तुमच्या डॉक्टरांना’. ते भेटेपर्यंत घरात कुणाला धड झोप नव्हती.

डॉक्टरांनी स्क्रीनवर चित्रं उघडली. प्लाक नसलेल्या मेंदूत आतला पांढरा भाग औषध धरतो, बाहेरचा करडा भाग फारसं धरत नाही, म्हणून दोन्हींमधली कड स्पष्ट दिसते. ह्यांच्या चित्रात कपाळामागच्या भागात ती कड दिसेनाशी झाली होती. हे प्लाक लक्षणं दिसायच्या १५-२० वर्षं आधीपासून साठू लागतात आणि स्मरणशक्ती शाबूत असलेल्या कित्येक वयस्कर माणसांतही सापडतात. त्यामुळे ह्यांची स्मरणशक्ती किती गेली किंवा पुढे किती वेगाने जाईल, हे त्या ओळीवरून काढायचं नाही. विसरण्याचा मेळ पेशींच्या आत गुंता करणाऱ्या टाऊ प्रथिनाशी जास्त बसतो, आणि टाऊ ह्या स्कॅनमध्ये दिसतच नाही! एवढं अर्ध्या पानावर छापून रिपोर्टला जोडलं असतं तरी ते दिवस सुसह्य झाले असते. केंद्राने हे मनावर घ्यावं, ही कळकळीची विनंती.

इथे येणार असाल तर रिपोर्ट मिळेल त्याच दिवसाची डॉक्टरांची वेळ आधी घेऊन ठेवा, आणि चित्रांची सीडी मागून घ्या. ती न मागता मिळत नाही.