ईश्वरविज्ञान महाविद्यालयातील आठ महिने : ग्रंथालय आणि श्रेयांक

नोकरी सांभाळून एका ख्रिस्ती ईश्वरविज्ञान महाविद्यालयात पदव्युत्तर पदवीचा अभ्यास सुरू केल्याला आठ महिने झाले. प्रवेश घेताना मी शिक्षकांची यादी आणि शुल्क एवढेच पाहिले होते. ग्रंथालय आणि श्रेयांकांची, म्हणजे पदवीसाठी जमवायच्या क्रेडिटची, नियमावली हे दोन्ही विषय मला दुय्यम वाटले होते, पण प्रत्यक्षात माझा सर्वाधिक वेळ त्यांनीच घेतला.

ग्रंथालयाबद्दल माझे मत चांगले आहे. नव्या कराराच्या ग्रीक संहितेची 2012 सालची नेस्ले-आलांडची 28वी आवृत्ती पुरेशा प्रतींत आहे आणि कोश व भाष्येही मुबलक आहेत. मार्ककृत शुभवर्तमानाच्या 16व्या अध्यायातील 9 ते 20 या वचनांवर निबंध लिहिताना मला या संग्रहाचे मोल कळले. संहितेखालील पाठभेदांच्या टीपांवरून कोणत्या हस्तलिखितांत ही वचने नाहीत ते समजले, आणि 2009 पासून संकेतस्थळावर खुल्या असलेल्या कोडेक्स सायनायटिकस या चौथ्या शतकातील ग्रीक हस्तलिखिताच्या पानावर 8व्या वचनाशी संपणारा मजकूर स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आला. पुस्तके ड्यूई या विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीने लावलेली आहेत. त्या पद्धतीत ख्रिस्ती विषयांना ऐसपैस जागा मिळते आणि उरलेले सर्व धर्म 290च्या वर्गात दाटीवाटीने बसवले जातात, त्यामुळे तुलनात्मक अभ्यासाचे पुस्तक शोधताना लांबलचक क्रमांक वाचत उभे राहावे लागते. अर्थात हा दोष महाविद्यालयाचा नव्हे.

खटकते ते नियतकालिकांचे. अ‍ॅटलाच्या (ईश्वरविज्ञान ग्रंथालयांच्या संघटनेच्या) धर्मविषयक लेखसूचीची वर्गणी महाविद्यालयाने भरली आहे, मात्र पूर्ण लेखांचा संग्रह घेतलेला नाही. त्यामुळे लेख कोणत्या अंकात छापला आहे ते क्षणात कळते, आणि तो हाती येण्यासाठी आंतरग्रंथालयीन मागणी नोंदवून वाट पाहावी लागते. निबंधाची मुदत जवळ आली असेल तर अशा सूचीने केवळ चुटपुट लागते.

श्रेयांकांच्या बाबतीत माझा अनुभव संमिश्र आहे. ग्रीक भाषेचा प्राथमिक अभ्यासक्रम मी पूर्वी युरोपीय श्रेयांक पद्धतीने पूर्ण केला होता. त्या पद्धतीत एका श्रेयांकामागे 25 ते 30 तासांचे काम धरतात. येथील सत्रपद्धतीत आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास स्वाध्याय असा हिशेब पंधरा आठवडे चालतो, म्हणजे एका श्रेयांकाला सुमारे 45 तास होतात. माझे 6 श्रेयांक येथे 3 धरले गेले, आणि तासांचा हिशेब मांडून पाहिल्यावर ते मला रास्तच वाटले.

खरी अडचण पुढे आली. नियमावलीनुसार काही वर्षांपूर्वीच्या भाषाभ्यासाला स्तरचाचणी द्यावी लागते. ती मी उत्तीर्ण झाले, तेव्हा मला विषयातून ‘सूट’ मिळाली आणि आधी धरलेले 3 श्रेयांक काढून घेण्यात आले. सूट म्हणजे तो विषय पुन्हा शिकावा लागत नाही, पण पदवीच्या एकूण बेरजेतली त्याची जागा दुसरा विषय घेऊन भरावी लागते. श्रेयांक मान्य होणे म्हणजे ती जागा भरलेलीच असणे. हा भेद नियमावलीत एका वाक्यात उरकलेला आहे आणि प्रवेशाच्या वेळी तो कोणीही समजावून सांगितला नाही. शेवटी मी ग्रीक व्याख्यापद्धतीचा वरच्या पातळीचा विषय घेतला. शैक्षणिकदृष्ट्या मला त्याचा लाभच झाला, परंतु एका विषयाचे शुल्क आणि एका सत्राच्या संध्याकाळी माझ्या अंदाजपत्रकात नव्हत्या.

साप्ताहिक उपासनेची उपस्थिती सक्तीची असून तिला श्रेयांक नाहीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. क्षेत्रकार्याला श्रेयांक आहेत, पण तेथे तासांची नोंदवही पर्यवेक्षकाच्या स्वाक्षरीवाचून ग्राह्य धरत नाहीत, हे पहिल्याच आठवड्यात लक्षात ठेवावे.

पुढील सत्रात मी हिब्रू घेणार आहे. त्याचे श्रेयांक पदवीच्या कोणत्या रकान्यात मोजले जातील, हे या वेळी मी निबंधक कार्यालयाकडून नावनोंदणीपूर्वीच लेखी घेतले असून ते पत्र शुल्काच्या पावतीसोबत ठेवले आहे.