12 वेटचा टार्पन सेट: आठ महिने वापरल्यानंतर

टार्पन हा समुद्रातला मोठा मासा फ्लाय फिशिंगने, म्हणजे फ्लाय हे हलकं खोटं आमिष जड लाईनच्या जोरावर फेकून, धरण्यासाठी ऑक्टोबरमध्ये घेतलेला 12 वेटचा रॉड (वेटचा आकडा मोठा तितकी लाईन जड आणि रॉड दणकट), त्याचं रील आणि दोन लाईन्स आता आठ महिने वापरून झाल्यात, आणि त्यातले जवळजवळ सगळे दिवस मोकळ्या मैदानात सरावाचे, खाऱ्या पाण्यावर फक्त सहा, जूनच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांमधल्या इस्लामोराडाला. तरी लिहितेय, कारण घेताना मला जे वाचायला हवं होतं ते कुठे मिळालं नव्हतं. सगळे रॉडबद्दलच बोलतात. माझं मत आता पक्कं झालंय की टार्पनसाठी पैसे घालायचे तर आधी रीलवर, मग लाईनवर, आणि उरतील ते रॉडवर.

आधी ट्रिपबद्दल थोडं, कारण सेट कधी घ्यायचा ते तारखांवर ठरतं. कीजमध्ये टार्पनचे थवे एप्रिलपासून जून-जुलैपर्यंत किनाऱ्याकडेने सरकत असतात, त्यात मे आणि जून खरे. बोट नेऊन मासे दाखवणाऱ्या चांगल्या गाईडचे या दोन महिन्यांतले दिवस वर्षभर आधीच गेलेले असतात, आणि चांगल्या भरतीचे दिवस तर जुनी गिऱ्हाईकं बोटीवरून उतरतानाच पुढच्या वर्षासाठी सांगून ठेवतात. मला सप्टेंबरमध्ये जूनचे सहा दिवस मिळाले ते कुणीतरी रद्द केले म्हणून. एकच सल्ला, तीन दिवसांसाठी एवढ्या लांब जाऊ नका. माझ्या सहापैकी दीड दिवस ढगांनी खाल्ला आणि एक वाऱ्याने, ढग आले की पाण्यावर नुसती राखाडी चकाकी राहते आणि मासा बोटीखालून गेला तरी दिसत नाही.

गाईडने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की बोटीवर रॉड-रील सगळं असतं, तू फक्त चष्मा आणि टोपी आण. बरोबर होतं त्याचं, त्याचं सामान उत्तमच होतं. पण मी आतापर्यंत नदीत 5 वेटवर ट्राउट धरलेली बाई, 12 वेट हातात धरायचा तो थेट पहिला टार्पन समोर आल्यावर, हे काही मला पटेना. स्वतःचा सेट घेण्याचं खरं कारण हेच, की तो ट्रिपच्या आधी महिनोन् महिने हातात राहतो.

रॉड 9 फुटी, चार तुकड्यांचा, मधल्या किमतीतला. पहिले दोन आठवडे पंधरा मिनिटांत खांदा भरून यायचा, नंतर सवय झाली. ताठ आहे, वाऱ्यात लाईन नेतो, खालचा भाग दणकट आहे, अजून काय पाहिजे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, जड लाईन सतत फेकताना जोड हळूहळू सैल होतात, डिसेंबरमध्ये माझा टोकाचा तुकडा कास्टबरोबर, म्हणजे लाईन फेकताना, निघून लाईनवरून सरकत पार पुढे गेला. गवत होतं म्हणून वाचला. तेव्हापासून जोडांना थोडं मेण लावते आणि दर दहा मिनिटांनी हाताने चाचपून घट्ट करते, कारण सैल जोडावर मोठा मासा लागला तर रॉड तिथेच तडकतो.

आता लाईन. उष्ण प्रदेशासाठी बनवलेली तरंगती लाईन घेतली आणि पहिल्या महिनाभरात मला ती अजिबात आवडली नाही, रीलवरून निघाली की स्प्रिंगसारखी वेटोळी, रॉडवरच्या कड्यांत अडकणार, फुटभर जाऊन थांबणार, परत करायचा फॉर्मसुद्धा मी काढून ठेवला होता. मग कळलं की दोष लाईनचा नाही, मी तिला थंडीत वापरत होते. अशा लाईनचा गाभा आणि वरचं आवरण मुद्दाम कडक ठेवतात, म्हणजे कडक उन्हात तापलेल्या डेकवर ती शेवयांसारखी लिबलिबीत होत नाही. थंडीत सराव करायचा तर आधी दोघांनी दोन टोकं धरून लाईन हळूहळू ताणून घ्यायची, नवरा एका टोकाला, मी दुसऱ्या, एवढं केलं की तासभर बरी चालते. आणि इस्लामोराडाला पहिल्याच सकाळी तीच लाईन इतकी गुळगुळीत सुटली की मला दोन्ही हात सावरून पुन्हा बघावं लागलं.

दुसरी लाईन पारदर्शक टोकाची, हळू बुडणारी. ती मी आज घेतली नसती. माशाला दिसत नाही हे खरं, पण मलाही दिसत नाही, फ्लाय नक्की कुठे आहे याचा अंदाज चुकतो, आणि हवेत पुन्हा उचलायची म्हटलं तर आधी बरीच ओढून आणावी लागते. अनुभवी हातात छान असेल. पहिल्या ट्रिपला तरंगती पुरे.

रील हा या सेटचा जीव आहे. सीलबंद ड्रॅग (मासा लाईन ओढतो तेव्हा तिला रोखणारा ब्रेक), 30 पाउंडाचं बॅकिंग (लाईनच्या मागे जोडलेली जादा दोरी) अडीचशे यार्डांच्या वर बसतं, स्पूल (लाईन गुंडाळायचं चाक) मोठा म्हणून लाईन भराभर गुंडाळली जाते. घरी आणल्यावर मी सामान तोलायचा हुकवाला काटा लीडरला (लाईन आणि फ्लायच्या मधला धागा) बांधला आणि ड्रॅग मोजला. 20 पाउंडांच्या ओढीला तुटणाऱ्या टिपेटला (लीडरमधला सगळ्यात कमजोर भाग) सुरुवातीला साधारण 5 पाउंड ड्रॅग ठेवतात, पाव हिस्सा धरा. या रीलवर 5 वर लावलं की ओढ सुरू होतानाही काटा 5 च्या आसपासच राहतो, मध्येच 8 वर उडी मारत नाही, आणि हीच परीक्षा महत्त्वाची, कारण टिपेट तुटतं ते मासा सुसाट सुटतो त्या पहिल्या झटक्याला. आठ महिन्यांनी पुन्हा मोजलं, फरक नाही.

त्याच काट्याने अजून एक गोष्ट शिकवली आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते. नवरा काटा धरून उभा, मी रॉड उभा उंच धरून जीव खाऊन ओढतेय, रॉड छान कमानीसारखा वाकलेला, आणि काट्यावर जेमतेम 3 पाउंड! मग रॉड खाली आणून आडवा केला, टोक जवळजवळ माशाच्या दिशेला, जोर खालच्या जाड भागावर घेतला, तर काटा 8 च्या पुढे गेला आणि पाठीला निम्मासुद्धा ताण नाही. रॉड उंच वाकलेला फोटोत सुंदर दिसतो, माशाला तो जाणवतही नाही. ट्रिप ठरवली असेल तर कास्टिंगइतकाच हाही सराव करा, दहा-दहा मिनिटं, दोन्ही बाजूंना.

कास्टिंगच्या सरावात मी लांबीच्या मागे बराच वेळ घालवला आणि तो चुकला. बोटीवर मला 80 फुटांची गरज एकदाही पडली नाही, 50 फुटांवर, वाऱ्यात, पाच-सहा सेकंदांत, माशाच्या तोंडापुढे दोन-तीन फूट, हे जमायला हवं होतं. फ्लाय डाव्या हातात, वीसेक फूट लाईन टोकाबाहेर, दोन फॉल्स कास्ट (लाईन पाण्यावर न टाकता हवेतच मागेपुढे) आणि सोड. समोर ताटली ठेवून करा. वारा उजव्या खांद्यावरून येईल अशा बाजूलाही उभं राहून करा. टोकाला गळाचा आकडा तोडलेली खरी जड फ्लायच बांधा, लोकरीच्या धाग्याने हाताला खोटी सवय लागते.

डेकवरची अजून एक बारीक गोष्ट. रीलवरून लाईन काढून पायाशी टाकली की पुढचा भाग ढिगाच्या तळाशी जातो, म्हणजे जो आधी जायला हवा तो सगळ्यात खाली, आणि मग ऐन वेळी गाठ. म्हणून सकाळी उभं राहिल्या राहिल्या एकदा पूर्ण कास्ट करायचा आणि लाईन परत ओढून घ्यायची, की क्रम सुलटा होतो. मला गाईडने हे करायला लावलं तेव्हा कुठे कारण कळलं.

आता मासे. गाईड मागच्या उंच फळीवर लांब काठी रोवत बोट ढकलतो आणि बोटीचं नाक म्हणजे बारा वाजले असं धरून हाक देतो, ‘अकरा वाजता, साठ फूट, डावीकडे येतायत’. टार्पन हवा गिळायला वर येतो, त्याचं वाताशय फुफ्फुसासारखं काम करतं, तेव्हा पाठ वळते आणि सूर्य त्या खवल्यांवर असा लखलखतो की हातातलं काम विसरायला होतं. पहिल्या दोन दिवसांत मला खूप संधी मिळाल्या, दोघांनी फ्लाय घेतली, दोन्ही गेले. पहिल्याला मी ट्राउटच्या सवयीने रॉड वर उचलला. टार्पनचं तोंड आतून सिमेंटसारखं, रॉड उचलला की आकडा नुसता घसरतो, रॉड माशाकडे रोखून डाव्या हाताने लाईन जोरात ओढायची असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात-आठ माशांची रांग, काळी-जांभळी फ्लाय, दुसरा मासा रांगेतून वळला. तोंड उघडलं ते बादलीएवढं, आतला पांढरा रंग दिसला, मी मनात एक मोजलं आणि ओढलं. मग सगळं पाणी फुटलं. गाईड ओरडतोय ‘बो, बो!’, म्हणजे मासा हवेत असताना रॉड पुढे झोकून लाईन ढिली द्यायची, नाहीतर तो सगळं वजन घेऊन ताठ टिपेटवर पडतो. पाच उड्या मारल्या त्याने. शंभरेक यार्ड बॅकिंग गेलं आणि रील एका सुरात वाजत राहिलं, कुठेही अडखळलं नाही. पंचवीस मिनिटांत लीडर गाईडच्या हातात आला, त्याच्या अंदाजाने 80 पाउंडाचा. मी हात ओला करून त्याच्या जबड्याला लावला, खवला माझ्या तळव्याएवढा होता. रडू आलं मला, खरं सांगते.

पाचव्या दिवशीचाही लिहायला हवा. मासा दहा मिनिटं लागलेला, आणि हॅमरहेड शार्कचा पंख दिसला. गाईड म्हणाला, तोडून टाक. मी स्पूल हाताने दाबून धरला, रॉड सरळ केला, टिपेट तुटलं आणि टार्पन मोकळा होऊन उथळाकडे पळाला. लीडरमध्ये 20 पाउंडाचा कमजोर भाग ठेवायचा तो यासाठीही. सरळ 60 पाउंडाचा लीडर लावला असता तर तो मासा माझ्या हाताने मेला असता.

नियम माहीत असू द्या. फ्लोरिडात 2013 पासून टार्पन धरला की सोडायचाच, 40 इंचांवरचा पाण्याबाहेर काढायचा नाही, फोटोसाठीही नाही. विक्रमासाठी मासा ठेवायचा तर पन्नासेक डॉलरचा टॅग (परवाना) लागतो, माणशी वर्षाला एक. आकड्याचा बार्ब (उलटं टोक) दाबून टाका, सोडायला सोपं जातं.

तक्रारी अशा. रॉडवर रील धरणाऱ्या कड्यांवर हिरवट डाग आलेत, पण एका संध्याकाळी मी ओलाच रॉड नळीत भरला होता. रील रोज गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुतलं, ड्रॅग सैल करून ठेवलं, ते नव्यासारखं आहे. तरंगत्या लाईनचं वीसेक फुटांवरचं आवरण चिकट होऊन सोललं, डासांचं औषध लावलेल्या हाताने धरली होती, त्या औषधातलं डीट प्लास्टिक खातं. हात धुऊनच लाईनला हात लावा.

पुढच्या वर्षी मेचे पाच दिवस ठरलेत, त्याच गाईडबरोबर. सोबत 11 वेटचा हलका रॉड नेणार आहे, दिवसभर हातात धरायला खांद्याला सोपा, आणि नवी तरंगती लाईन. रील हेच.