प्लॅन बदलावा, कंपनी बदलावी की घासाघीस करावी? मोबाइलच्या खर्चाचा तुलनात्मक आढावा

मोबाइलचा खर्च वाढला अशी तक्रार केली की समोरून ठरलेला सल्ला येतो: "पोर्ट करून टाक." म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदल. हा सल्ला सरसकट देणं मला पटत नाही. आधी आहे त्याच कंपनीत रिचार्जची मुदत बदलून पाहावी, मग घरातल्या कोणाला नेट खरंच लागतं याचा हिशोब करावा. कंपनी बदलायचीच झाली तर ती रेंजसाठी बदलावी. निव्वळ पैशासाठी पोर्ट करून फार हाती लागत नाही, आणि ते आकड्यांत दाखवता येतं.

त्याआधी एक गैरसमज दूर करू. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणारे आपले नातेवाईक सांगतात, "कस्टमर केअरला फोन कर, सोडून जातो म्हण, लगेच कमी करतात." त्यांचं चुकत नाही. तिकडे अनेकदा हँडसेटच कंपनीकडून हप्त्यांवर मिळतो, ग्राहक वर्ष-दोन वर्षांच्या कराराने बांधलेला असतो आणि करार संपताना कंपनीला त्याला धरून ठेवायचं असतं. आपल्याकडे फोन दुकानातून वेगळा घेतो आणि बहुतेक जण प्रीपेडवर असतात. रिचार्ज संपला की आपण मोकळे. दर जाहीर असतात, ते ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, कळवावे लागतात आणि एकाच प्रकारच्या ग्राहकांत भेदभाव करायचा नाही असा नियम आहे. त्यामुळे प्रीपेडवाल्याने नुसता फोनवर कितीही वाद घातला तरी २९९ चं रिचार्ज २४९ ला मिळत नाही.

पहिला पर्याय: कंपनी तीच, मुदत वेगळी

जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरचे दोन मोठ्या कंपन्यांचे दर घेऊ. दिवसाला दीड जीबी डेटा आणि अमर्याद कॉल, असे सारखेच प्लॅन:

| प्लॅन | किंमत (रु.) | दिवसाला (रु.) | वर्षाला साधारण (रु.) |
|---|---|---|---|
| एअरटेल, २८ दिवस | ३४९ | १२.४६ | ४,५५० |
| एअरटेल, ८४ दिवस | ८५९ | १०.२३ | ३,७३३ |
| जिओ, २८ दिवस | २९९ | १०.६८ | ३,८९८ |
| जिओ, ८४ दिवस | ७९९ | ९.५१ | ३,४७२ |

एअरटेलवर २८ दिवसांचं रिचार्ज करणारा माणूस जिओवर गेला आणि तिथेही २८ दिवसांचंच करत राहिला, तर वर्षाला साधारण ६५० रुपये वाचतात. तोच माणूस कुठेही न जाता ८४ दिवसांच्या प्लॅनवर आला, तर ८०० च्या वर वाचतात. म्हणजे पोर्टची सगळी खटपट न करताच जास्त बचत. दोन्हीकडे ८४ दिवसांचे प्लॅन धरले, तर दोन कंपन्यांतला फरक वर्षाला जेमतेम २६० रुपये उरतो. महिन्याला बावीस रुपये वाचवण्यासाठी घरातली चांगली रेंज गमावणं मला परवडणारं वाटत नाही.

यात २८ दिवसांच्या महिन्याची भूमिका मोठी आहे. वर्षात महिने बारा, पण २८ दिवसांचे रिचार्ज तेरा करावे लागतात. यावरच्या तक्रारी वाढल्यावर २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला ३० दिवसांच्या मुदतीचे आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला करता येणारे प्लॅनही ठेवायला लावले. ते आहेत, पण ॲपमध्ये वर दिसत नाहीत, खाली शोधावे लागतात. दर पुढेमागे होत राहतात, म्हणून वरचे आकडे पाठ करू नका. किमतीला दिवसांनी भागा. तो एकच आकडा तुलनेला पुरतो.

लांब मुदतीची अडचणही आहे आणि ती खरी आहे. रोजंदारीवर घर चालतं तिथे एका वेळी ८५९ रुपये बाजूला काढणं सोपं नसतं, आणि घरात चार फोन असतील तर एकाच आठवड्यात साडेतीन हजारांचा खड्डा पडतो. अशा घरात सगळ्यांची मुदत एकाच वेळी संपू देऊ नये. एकेका महिन्यात एकेक फोन ८४ दिवसांवर नेला की ओझं विभागलं जातं.

दुसरा पर्याय: नेट नको असेल त्याला नेट का घ्यावं?

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा पर्याय, आणि सगळ्यात दुर्लक्षितही हाच. गावाकडे आई-वडील साधा बटणांचा फोन वापरतात आणि मुलगा शहरातून त्यांना दिवसाला दीड जीबीचं रिचार्ज मारतो, असं कित्येक घरांत चालू आहे. त्यातला डेटा रोज रात्री बारा वाजता वाया जातो.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियमात दुरुस्ती करून फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. अशा विशेष रिचार्ज व्हाउचरची कमाल मुदतही ९० दिवसांवरून ३६५ दिवस केली. जानेवारी २०२५ मध्ये हे प्लॅन आले: एअरटेलचा ८४ दिवसांचा ४६९ रुपयांना आणि वर्षाचा १,८४९ ला, जिओचा ८४ दिवसांचा ४४८ ला आणि ३३६ दिवसांचा १,७४८ ला. वरच्या तक्त्यातल्या ३,७३३ शेजारी १,८४९ ठेवून पाहा. खर्च थेट निम्म्यावर येतो.

घरात वायफाय असलेल्या, फारसं बाहेर न पडणाऱ्या ज्येष्ठांनाही हा प्लॅन चालतो. व्हॉट्सॲपवर नातवंडांचे फोटो घरच्या वायफायवर येतात, बाहेर फक्त कॉल लागतो. मात्र निर्णय त्यांना विचारून घ्या. रिक्षा बोलावणं, युपीआयने भाजीचे पैसे देणं, रस्ता शोधणं यांतलं काही ते करत असतील तर बाहेर थोडा डेटा लागतोच. अशांना कमी डेटाचा लांब मुदतीचा प्लॅन द्यावा. फोनच्या सेटिंगमध्ये महिन्याचा मोबाइल डेटा किती वापरला ते दिसतं, त्यावरून अंदाज घ्या.

दुसऱ्या स्लॉटमधलं सिम हा याचाच भाग. बँकेला जोडलेला जुना नंबर अनेकांनी नुसता सांभाळून ठेवलेला असतो. प्रीपेड खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर ९० दिवस वापर झाला नाही तरी नंबर लगेच जात नाही; २० रुपये कापून आणखी ३० दिवस मिळतात. पण नंबर राहणं वेगळं आणि सेवा चालू राहणं वेगळं. वैध रिचार्ज नसलेल्या सिमवर ओटीपी ऐन वेळी येईल यावर विसंबू नका. बँकेचा नंबर मुख्य सिमवर आणून दुसरं सिम बंद करणं, ही बहुतेकांसाठी वर्षभराच्या एका रिचार्जची पूर्ण बचत आहे.

तिसरा पर्याय: फॅमिली पोस्टपेड

पोस्टपेडच्या जाहिरातीत दिसणाऱ्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, प्रीपेडच्या किमतीत तो धरलेला असतो. त्यामुळे ४४९ चं बिल प्रत्यक्षात ५३० रुपयांचं होतं, वर्षाला ६,३५८. एकट्या माणसाने फक्त पैशाच्या हिशोबाने हे घेऊ नये.

चौघांचं गणित वेगळं आहे. जिओच्या ४४९ च्या प्लॅनमध्ये घरातली आणखी तीन सिम प्रत्येकी १५० रुपयांत जोडता येतात. एकूण ८९९, करासह १,०६१, वर्षाला सुमारे १२,७३०. तेच चौघे ८४ दिवसांच्या प्रीपेडवर असतील तर १३,८८७. म्हणजे अकराशे-साडेअकराशे वाचतात, पण डेटा बराच कमी मिळतो, कारण मुख्य कोटा सगळ्यांत वाटून जातो. त्या चौघांतल्या दोघांना कॉलचाच प्लॅन पुरत असेल, तर प्रीपेडच स्वस्त पडतं. शिवाय बिल थकलं तर घरातल्या सगळ्यांचे फोन एकदम अडचणीत येतात.

घासाघीस कुठे चालते

पोस्टपेडवर बोलायला थोडी जागा असते. जुना ग्राहक, वेळेवर बिल भरलेलं आणि दोन-तीन कनेक्शन असतील तर वरचा प्लॅन त्याच भाड्यात, जास्तीचा डेटा, नको असलेल्या सेवा काढून टाकणं, असं काही ना काही मिळू शकतं. बोलताना 'काहीतरी कमी करा' म्हणू नका. दुसऱ्या कंपनीचा नेमका प्लॅन, त्याची करासह किंमत आणि डेटा समोर ठेवून बोला. मागायची गोष्टही नेमकी असावी: "याच भाड्यात एक सिम जोडून द्या."

प्रीपेडवर खरी हालचाल होते ती पोर्टचा कोड मागितल्यावर (तो कसा मागायचा ते पुढे येतं). त्यानंतर 'का सोडताय' असं विचारणारे फोन येतात आणि कधी सवलतही पुढे केली जाते. हा कोड मागितल्याने आपण कुठेही बांधले जात नाही. चार दिवसांत वापरला नाही तर तो आपोआप रद्द होतो. म्हणून फोनवर मिळालेल्या शब्दाचा आधी पुरावा मागा. सवलत आपल्या नंबरच्या ॲपमध्ये दिसायला हवी किंवा एसएमएसने लेखी यायला हवी. 'आज पोर्ट रद्द करा, उद्या प्लॅन लावतो' या बोलीवर थांबू नये.

दर महिन्याला बॅलन्समधून थोडेथोडे पैसे कापले जात असतील तर तो भाव करायचा विषयच नाही. कॉलर ट्यून, ज्योतिष, क्रिकेट अपडेट अशा सेवा न मागता लागलेल्या असतात. १५५२२३ वर फोन किंवा एसएमएस करून त्या बंद करता येतात.

चौथा पर्याय: पोर्ट

पोर्टचं योग्य कारण एकच: आपण राहतो, काम करतो आणि जातो तिथे दुसऱ्या कंपनीची रेंज चांगली आहे. सह्याद्रीच्या एखाद्या खोऱ्यातल्या गावात एकाच कंपनीचा टॉवर असेल, तर तिथे दराची तुलना निरर्थक आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यानंतर जे घडलं ते याचंच उदाहरण. खासगी कंपन्यांनी जुलैत दर वाढवले आणि त्याच महिन्यात बीएसएनएलकडे सुमारे २९ लाख ग्राहकांची भर पडली. दर आकर्षक होते. तेव्हा २,३९९ रुपयांत ३९५ दिवस, म्हणजे दिवसाला सहा रुपये. पण अनेक ठिकाणी फोर-जी पोचलेलं नव्हतं, आणि नोव्हेंबरपासून ग्राहकसंख्या पुन्हा घटू लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जी जाळ्याचं राष्ट्रीय पातळीवर उद्घाटन झालं, त्यामुळे त्याआधी बीएसएनएल सोडून परत गेलेल्यांनी आता पुन्हा तपासून पाहायला हरकत नाही. सरकारी सेवा टिकावी असं मलाही मनापासून वाटतं. पण आपल्या गल्लीत ती चालते का, हे आधी पाहायलाच हवं. ट्रायच्या नियमामुळे कंपन्यांना आता रेंजचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. ते बघा, आणि शेजाऱ्याच्या फोनवरही बघा.

पद्धत सोपी आहे. इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, जागा सोडून आपला दहा आकडी नंबर १९०० वर एसएमएस करायचा. उत्तरात कोड येतो. तो आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. त्याच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेच्या त्याच विभागात, तीन कामकाजाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच. मुंबईचं सर्कल वेगळं आहे, महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. पुण्याहून मुंबईला नोकरीसाठी आलात म्हणून सर्कल बदलण्याची मात्र गरज नाही.

कोड मिळण्यासाठी सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले हवेत, पोस्टपेडचं थकीत बिल भरलेलं हवं, आणि जुलै २०२४ पासूनच्या नियमाने सिम नुकतंच बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. जुन्या सिमवरचा बॅलन्स आणि उरलेली मुदत सोबत येत नाही. त्यामुळे ८४ दिवसांचं रिचार्ज मारल्यावर आठवड्याने पोर्ट करणं म्हणजे पैसे पाण्यात. मुदत संपायला चार-पाच दिवस राहिले की कोड मागावा. प्रत्यक्ष बदलाच्या वेळी काही तास फोन बंद राहतो, म्हणून फी भरायची शेवटची तारीख किंवा बँकेचं मोठं काम असेल तो दिवस टाळा. मन बदललं तर अर्ज दिल्यापासून २४ तासांत १९०० वर रद्द करण्याचा एसएमएस पाठवता येतो.

नव्या कंपनीतही ९० दिवसांचीच अट लागते. म्हणून पोर्ट करण्याआधी, फोनला दुसरा स्लॉट असेल तर, त्या कंपनीचं एक सिम महिनाभर वापरून पाहा: घरातल्या आतल्या खोलीत, ऑफिसच्या लिफ्टबाहेर, गावी जाताना एसटीत, आणि संध्याकाळी सगळे नेट वापरत असतात त्या वेळेत. तिथे ते टिकलं तर मुख्य नंबर तिकडे न्या, आणि सुरुवातीला रिचार्ज २८ दिवसांचंच करा. वर्षाचं रिचार्ज पावसाळ्यातली रेंज पाहून झाल्यावर.