कॅल्बिंडिनची अँटिबॉडी: आठ महिने, दोन लॉट

दुसरी कुपी आली नसती तर हे लिहायला बसलेच नसते. कॅल्बिंडिन-डी28के हे काही मेंदूपेशींत असणारं प्रथिन. त्याला चिकटून त्या पेशी रंगवणारी, सशातली ही पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण) अँटिबॉडी, आणि पहिल्या कुपीवर मी बेहद्द खूश होते. उंदराच्या सेरेबेलमचे (लहान मेंदूचे) 40 मायक्रॉनचे सेक्शन, म्हणजे पातळ काप, 1:1000 डायल्यूशन (हजारपट पातळ), रात्रभर 4 अंशांवर. दुसऱ्या दिवशी पुरकिंजे या मोठ्या चेतापेशींची रांग अशी उजळलेली दिसायची की बघत राहावं. वरच्या थरात पसरलेल्या फांद्यांची बारीक टोकंसुद्धा स्पष्ट.

मग लॉट, म्हणजे उत्पादनाची खेप, बदलला. कॅटलॉग नंबर तोच. पण पहिल्याच सेक्शनमध्ये पुरकिंजेच्या खालचा ग्रॅन्यूल पेशींचा थर धुरकट चमकत होता. त्या पेशींत कॅल्बिंडिन नसतं. कॅल्रेटिनिन असतं, आणि ते कॅल्बिंडिनचं सख्खं भावंड: अमिनो आम्लांचा क्रम निम्म्याहून जास्त जुळतो.

आधी स्वतःच्या हातावरच संशय घेतला. फिक्सेशन तपासलं, ब्लॉकिंगचं सीरम बदललं, प्रायमरी (हीच अँटिबॉडी) न घालता नुसती सेकंडरी (तिला चिकटून चमकणारी दुसरी) लावून पाहिली. ती स्लाइड स्वच्छ काळी, म्हणजे दोष प्रायमरीतच. ब्लॉटवर (प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी) उलगडा होईल म्हणावं, तर एक प्रथिन 28 किलोडाल्टनचं आणि दुसरं त्याच्याच आसपास. जेलवर दोन्ही एकमेकांना खेटून बसतात. शेवटी अँटिबॉडी शुद्ध कॅल्रेटिनिनसोबत मुरवली, म्हणजे त्याला चिकटणारा भाग तिथेच अडकावा, आणि मग सेक्शनवर घातली. धुरकटपणा गेला, पुरकिंजे जशाच्या तशा. चोर सापडला.

कंपनीला सगळे फोटो पाठवले. नऊ दिवसांनी उत्तर आलं: या लॉटची चाचणी ब्लॉटवर झाली आहे, बँड योग्य जागी आहे. अहो, बँड तिथे येणारच, माझी तक्रार तीच तर होती! बदली कुपी पाठवली, तीही त्याच लॉटची. मला मनापासून राग आला. वेळ गेला त्याचं एक वेळ ठीक आहे, पण ज्या प्राण्यांचे हे सेक्शन, ते असे वाया जाणं मला सहन होत नाही.

इथवरच्या अनुभवावर मी एकच तारा देणार होते. पण भरलेली कुपी टाकवेना, म्हणून डायल्यूशनची मालिका लावली: 1:1000, 1:2000, 1:5000, 1:10000. 1:2000 ला धूसरपणा निम्मा झाला. 1:5000 ला ग्रॅन्यूल थर काळा, पुरकिंजे लखलखीत. 1:10000 ला मात्र फांद्यांची टोकं फिकी पडली. माहितीपत्रकात 1:500 ते 1:1000 छापलंय! इतके महिने गरजेच्या पाचपट अँटिबॉडी ओतत होतो आम्ही. आता तीच कुपी पाचपट पुरते, त्यामुळे तीन तारे.

सेरेबेलमसाठी ही ठेवणार. हिप्पोकॅम्पससाठी (मेंदूचा स्मृतीशी निगडित भाग) नाही. तिथे दोन्ही प्रथिनांच्या पेशी शेजारी शेजारी असतात, आणि मोजायला बसलं की प्रत्येक फिक्या पेशीपाशी हात अडतो. त्या कामाला रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल (जनुकावरून बनवलेली, एकाच प्रकारची अँटिबॉडी) मागवली आहे. तिचा क्रम ठरलेला असतो, लॉटगणिक नवा ससा नाही.

तुमच्याकडे हिची नवी कुपी आली तर आधी सेरेबेलमचा एक सेक्शन रंगवा आणि फक्त ग्रॅन्यूल थर बघा. 1:5000 लाही तो उजळला तर त्याच दिवशी फोटो काढून कुपी परत करा, आणि बदली मागताना वेगळा लॉट हवा असं लेखी मागा.