ई-ग्रामस्वराज पोर्टल: अभ्यासकाच्या कामाचं किती?

देपालपूर, सांवेर, महू भागातल्या ग्रामपंचायतींचा पैसा कुठे गेला, हे इंदूरमध्ये बसून पाहायचं तर २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेलं हे पोर्टल सगळ्यांत सोयीचं. अहवाल बघायला लॉगिन नको, शुल्क नाही. आर्थिक वर्ष, राज्य, जिल्हा, जनपद (तालुक्याच्या पातळीची पंचायत), ग्रामपंचायत असं उतरत जायचं.

पंचायतीचा मंजूर विकास आराखडा आणि खर्चाचे व्हाउचर दोन्ही उतरवून घ्या; नुसता आराखडा म्हणजे इच्छांची यादी. १५व्या वित्त आयोगाच्या २०२१–२६ च्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायची म्हणून बांधलेली आहे. त्यामुळे नळ-गटारांची कामं जास्त दिसली म्हणून 'गावाने तेच मागितलं' असा निष्कर्ष काढू नये. प्रबंधांत ही चूक सर्रास होते.

जनगणनेशी जोडणी करताना नावांवर अजिबात विसंबू नका. एकच गाव दोन वर्षांत दोन तऱ्हेने लिहिलेलं सापडतं. एलजीडी कोड (सरकारी यादीत प्रत्येक गावाला आणि पंचायतीला दिलेला स्वतंत्र क्रमांक) वापरा, आणि एका पंचायतीत अनेक गावं असू शकतात हे ध्यानात ठेवून आधी गावांची बेरीज करा, मग जोडा.

लोकसहभागाबाबत मात्र पोर्टल तोकडं. ग्रामसभेत कोण बोललं, बायका किती होत्या, कोणाची मागणी गळाली, हे आराखड्यातून कळत नाही. त्यासाठी पंचायतीचं कार्यवाही रजिस्टरच हवं. सरळ मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, ३० दिवसांची मुदत धरून. अर्जात सभेची तारीख लिहा, मोघम मागणीला मोघमच उत्तर येतं.

खर्चासाठी पाचपैकी चार, सहभागासाठी दीड.